उन्हाळ्याआधी सॅटेलाइट ट्यूनर कार्डाची तयारी

घरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये डीव्हीबी-एस२ (उपग्रहावरून टीव्ही घेणारं) ट्यूनर कार्ड बसवून टीव्हीहेडएंड या टीव्ही बघण्या-रेकॉर्ड करण्याच्या सॉफ्टवेअरवर डीडी फ्री डिशचे चॅनल बघत असाल, रेकॉर्ड करत असाल, तर ही तयारी फेब्रुवारीअखेर सुरू करा. मे महिन्यात चित्राचे चौकोन पडायला लागले की घाईघाईत कॅबिनेट उघडलं जातं आणि खरं कारण सापडायच्या आत पंखा लावून वेळ मारून नेली जाते. फेब्रुवारीत मोजलं की मे महिन्याचा आकडा आधीच कळतो. चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान, याला आपण चढ म्हणू. काम तेच आणि वारा तोच असेल तर हा चढ बारा महिने साधारण सारखाच राहतो. आज खोलीत २८ अंश आहे आणि कार्डावरची चिप ६२ ला आहे, म्हणजे चढ ३४. जळगाव-अकोल्याकडे स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात ४१ अंश होणार असतील, तर तीच चिप ७५ ला जाणार. पुढची सगळी खटपट हा ३४ चा आकडा खाली आणण्यासाठी आहे.

सामान आधी जमवून ठेवा. मल्टीमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, काळी इन्सुलेशन टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, हवेचा ब्लोअर, ८० मिलिमीटरचा एक पंखा, केबल टाय, १४ बाय १४ मिलिमीटरचे चार-सहा ॲल्युमिनियम हीटसिंक आणि चांगली थर्मल टेप. गच्चीसाठी आरजी-६ केबलचे कॉम्प्रेशन प्रकारचे चार एफ-कनेक्टर आणि स्वतःला चिकटणारी रबर टेप. थर्मल ग्लू घेऊ नका. तो एकदा लागला की निघत नाही, ओढाल तर चिपसकट येतो.

सगळ्यात आधी, बिघाड उष्णतेचाच आहे ना, हे ठरवा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रात सकाळी अकराच्या सुमाराला काही मिनिटं सिग्नल जातो आणि आपोआप परत येतो. तेव्हा सूर्य नेमका जीसॅट-१५ च्या, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावरही असंच होतं. त्यात कार्डाचा दोष नाही. उन्हात तापलेल्या एलएनबीची, म्हणजे डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीची, फ्रिक्वेन्सीही थोडी सरकते. म्हणून दुपारी त्रास होत असेल तर सर्व्हर बंद करून तीच केबल सेट-टॉप बॉक्सला लावून त्याच वेळी बघा. बॉक्सवर चित्र स्वच्छ असेल तर संशय कार्डावर पक्का होतो.

मग दोन तासांची चाचणी घ्या. सर्व्हर रात्रभर बंद ठेवा, सकाळी कॅबिनेट बंद असताना चालू करा, एक चॅनल लावा आणि दर दहा मिनिटांनी टीव्हीहेडएंडच्या स्टेटस विभागातल्या स्ट्रीमच्या तक्त्यातून एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती ठळक), दुरुस्त न झालेले ब्लॉक (सुधारता न आलेले डेटाचे तुकडे) आणि कंटिन्युइटी एरर (मधेच गहाळ झालेली डेटाची पाकिटं) उतरवून घ्या. उष्णतेचा बिघाड ओळखू येतो. पहिली वीस-तीस मिनिटं सगळं ठीक असतं, मग एसएनआर हळूहळू घसरतो आणि ब्लॉक वाढतात. एसएनआर जिथल्या तिथे आणि कंटिन्युइटी एरर मात्र वाढताहेत, असं दिसलं तर ट्यूनरऐवजी पीसीआय-एक्स्प्रेसचा स्लॉट, कार्डाला मदरबोर्डशी जोडणारी ब्रिज चिप किंवा रेकॉर्डिंगची डिस्क तपासा. कर्नलच्या लॉगमध्ये आय-टू-सी (कार्डावरच्या चिपांमधली संवादाची तार) वाचता-लिहिता न आल्याच्या ओळी येत असतील तर बहुधा डीमॉड्युलेटर (सिग्नलमधून डेटा काढणारी चिप) अडकला आहे. अशा वेळी नुसतं रीबूट करून भागत नाही, कारण त्यात कार्डाची वीज तुटत नाही, आणि सर्व्हर बंद केला तरी मदरबोर्डचा स्टँडबाय पुरवठा चालूच राहतो. सर्व्हर बंद करून प्लग काढा, दोन मिनिटं थांबा. दुसऱ्या दिवशी हीच चाचणी कॅबिनेट उघडं ठेवून आणि टेबलफॅन कार्डाकडे वळवून घ्या. त्रास गेला तर शंका उरली नाही.

मोजताना एक चूक हमखास होते. ट्यूनरवरचा पत्र्याचा डबा चकचकीत असतो आणि इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत पत्र्यावर तापमान फार कमी दाखवतो. डबा हाताला चटका देतोय आणि यंत्र मात्र ३८ म्हणतंय, असं होतं. डब्यावर काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. ट्यूनरचा डबा, डीमॉड्युलेटर, ब्रिज चिप आणि एलएनबीला वीज देणारी छोटी चिप अशा चार जागी मोजा. प्रत्येकीसमोर त्या वेळचं खोलीचं तापमान लिहा. पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत असेल तर निर्धास्त राहा, ७० च्या पुढे उपाय करा, ८० दिसलं तर सर्व्हर बंद करून मगच विचार करा. लिनक्समधल्या सेन्सर्स आज्ञेवर विसंबू नका. ती प्रोसेसर आणि मदरबोर्डचं तापमान सांगते, बहुतेक ट्यूनर कार्डांना सेन्सरच नसतो.

चारांत एलएनबीची चिप सगळ्यात तापलेली निघाली तर पंख्याआधी केबल बघा. आमच्या मते हे कारण सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कार्ड केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतं. एलएनबी १०० ते २०० मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे १८ व्होल्टवर १.८ ते ३.६ वॅट त्या नखाएवढ्या चिपमधून जातात आणि त्यातला काही भाग तिथेच उष्णता होऊन राहतो. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल किंवा जाळीची (केबलमधल्या धातूच्या विणीची) एक तार मधल्या तांब्याला टेकत असेल तर प्रवाह वाढतो, चिप करंट रोखत बसते आणि भाजून निघते. सर्व्हर बंद करून केबल दोन्ही टोकांनी सोडा. मधली तार आणि जाळी यांमध्ये मल्टीमीटरने रोध बघा, मीटरवर ‘ओएल’, म्हणजे जोड नाही, असंच दिसायला हवं, शून्य नाही. काही किलोओहम जरी दिसले तरी आत ओल आहे. कनेक्टर कापून नवा बसवा. मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरच राहू द्या आणि वर रबर टेप ताणून गुंडाळा. एलएनबीजवळ केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरकडे न येता झोळाच्या तळातून ठिबकेल. सर्व्हर चालू असताना केबल कधीही काढू-लावू नका. तेवढ्यात मधली तार जाळीला लागली तरी चिप जाऊ शकते. एकाच एलएनबीवर स्प्लिटर लावून सेट-टॉप बॉक्स आणि कार्ड दोन्ही चालवत असाल, तर वीज पुढे जाऊ देणारी बाजू एकच आहे ना, तेही बघा. चार ट्यूनरच्या कार्डाला आम्ही सरळ स्वतःचा ॲडॉप्टर असलेला मल्टिस्विच (एलएनबीचा सिग्नल अनेक ट्यूनरना वाटणारी पेटी) सुचवू. एलएनबीचा भार त्यावर जातो आणि कार्ड लगेच थंड पडतं.

आता टीव्हीहेडएंडची सेटिंग. कोणी टीव्ही बघत नसताना कार्ड झोपायला हवं. ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर सेव्ह’ चालू करा, ‘आयडल स्कॅन’ बंद करा, आणि सॅटेलाइटच्या सेटिंगमध्ये काम नसताना एलएनबीची वीज तोडण्याचा पर्याय निवडा. ईपीजीची एक खोच लक्षात ठेवा. हवेतून कार्यक्रमपत्रिका गोळा करण्याचं काम मुळात रात्री २ वाजून ४ मिनिटांनी आणि दुपारी २ वाजून ४ मिनिटांनी लावलेलं असतं. ऐन उन्हाच्या वेळी कार्डाला उगाच कामाला जुंपायचं कशाला? दुपारची ओळ काढा, पहाटे चारची एकच ठेवा.

मग वारा. पंखा बायोसच्या भरवशावर सोडला तर तो प्रोसेसरच्या तापमानाकडे बघून फिरतो. ट्रान्सकोडिंग (व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलणं) नसेल तर रेकॉर्डिंगला प्रोसेसर जेमतेम लागतो, तो गार राहतो, पंखा मंदावतो आणि शेजारी कार्ड शिजत बसतं. म्हणून कॅबिनेटच्या पंख्याचा किमान वेग बायोसमध्येच पक्का करा. फॅनकंट्रोल (पंख्याचा वेग ठरवणारा लिनक्सचा प्रोग्राम) वापरत असाल तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ती सेवा चालू आहे ना, बघा. हार्डवेअर मॉनिटरचे क्रमांक बदलले की ती गप्प पडते. ८० मिलिमीटरचा पंखा केबल टायने असा बांधा की वारा थेट चिपांच्या बाजूवर, तीन ते पाच सेंटिमीटरवरून लागेल. सात व्होल्टवर चालवला तरी पुरतो आणि आवाज होत नाही. कार्डाशेजारचा स्लॉट रिकामा ठेवा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कोकणात धुळीपेक्षा खारी दमट हवा जास्त त्रास देते, तिथे स्लॉटचे संपर्क अल्कोहोलने पुसा.

सर्व्हर माळ्यावर असेल तर खाली आणा. दुपारभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो, आणि आठ ते दहाची रेकॉर्डिंगं नेमकी त्याच वेळी असतात. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी.

एवढं करूनही चढ ३० च्या वर राहिला तरच हीटसिंक लावा. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसतं आणि चिपा खाली तोंड करून असतात. साध्या गोंदाचा हीटसिंक तापून सुटला की खालच्या कार्डावर पडतो आणि शॉर्ट करतो. चिप अल्कोहोलने पुसा, थर्मल टेप लावून अर्धा मिनिट दाबून धरा, कार्ड एक दिवस सपाट ठेवा, मगच बसवा. ट्यूनरचा झाळलेला डबा उघडू नका, त्याच्यावरूनच वारा जाऊ द्या.

भारनियमन असेल तिथे सर्व्हर यूपीएसवर चालतो पण खोलीतला पंखा बंद पडतो, हे धरून ठेवा. वीज गेल्यावर दहा मिनिटांत सर्व्हर आपोआप बंद होईल, असं न्यूट या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी सात ते नऊ, कॅबिनेट बंद ठेवून सगळे ट्यूनर एकदम रेकॉर्डिंगला लावा. दुरुस्त न झालेले ब्लॉक शून्य असले पाहिजेत. चारही जागांचा नवा चढ, खोलीचं तापमान आणि तारीख एका कागदावर लिहा आणि तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा.