ऱ्हाइनमध्ये परतलेला सॅमन जन्मला कुठे, हे कसे शोधावे

नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा सॅमन मासा युरोपातल्या ऱ्हाइन नदीतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसा झाला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विषारी पाणी नदीत गेले, आणि त्यानंतर हाती घेतलेल्या कामात हॅचरीतली (अंडी उबवून पिल्ले वाढवणाऱ्या केंद्रातली) पिल्ले सोडून हा मासा परत आणला गेला. आज समुद्रातून वर आलेला सॅमन नदीतल्या गोट्यांमध्ये जन्मला की हॅचरीच्या ट्रेमध्ये, हे कळल्याशिवाय बीज सोडणे कधी थांबवायचे ते ठरवता येत नाही.

याची नोंद माशाच्या कानातल्या खड्यात, म्हणजे ओटोलिथमध्ये असते. त्यावर थर चढत जातात आणि पाण्यातले स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य त्यात अडकते. स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ या त्याच्या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर खडकावर अवलंबून असते: ब्लॅक फॉरेस्टच्या ग्रॅनाइट-नाइसवरून येणाऱ्या किंझिग या उपनदीचे वेगळे, स्लेटवरून वाहणाऱ्या झीग या उपनदीचे वेगळे. समुद्रात मात्र सगळीकडे ०.७०९१८. (दख्खनचा बेसॉल्ट आणि दक्षिण कोकणातले जुने खडक यांतही असाच फरक मिळतो.)

आधी पाण्याचा नकाशा करा. प्रत्येक उपनदीचे आणि प्रत्येक हॅचरीचे पाणी, नदी ओसरलेली असताना आणि भरलेली असताना असे दोनदा घ्या. आम्लाने धुतलेली प्लास्टिक बाटली वापरा, पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि शुद्ध नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. शिवाय प्रत्येक ठिकाणची ५ ते १० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) तपासा. नुसत्या पाण्यावर विसंबू नका.

खडे काढण्यासाठी अंडी घालून मेलेले मासेच घ्या. मोजके मासे परततात, त्यांना यासाठी मारणे चूक आहे. डोक्याचा वरचा भाग आडवा कापला की मेंदूखाली दोन्ही बाजूंना मोठ्या खड्यांची जोडी सापडते. प्लास्टिकचा चिमटा वापरा, शुद्ध पाण्याने धुऊन कोरडे ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, खडा विरघळतो. काचेसारखा पारदर्शक दिसला तर तो व्हॅटेराइट, म्हणजे खड्यातल्या चुन्याचे वेगळे स्फटिकरूप आहे. हॅचरीच्या माशांत हे बरेचदा दिसते. त्यात स्ट्रॉन्शियम फार कमी असते, म्हणून दुसऱ्या बाजूचा खडा घ्या.

खडा काचपट्टीवर चिकटवून १२०० ग्रिटच्या कागदावर घासा, मग ३ आणि १ मायक्रॉनवर पॉलिश करा. दर चार-पाच फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गाभा दिसला की थांबा. पुढे घासलात तर जन्माची नोंदच पुसली जाते.

मग मल्टिकलेक्टर लेझर-आयसीपी-एमएस यंत्रावर (हे लेझरने खड्याचा थर उडवून त्यातली समस्थानिके मोजते) गाभ्यापासून कडेपर्यंत, थरांच्या कड्यांना काटकोनात रेघ मारा. ठिपका ४०-५० मायक्रॉनचा, वेग सेकंदाला ५-१० मायक्रॉन. रुबिडियम आणि क्रिप्टॉनचे अणू त्याच वस्तुमानाचे असल्याने मोजणीत मिसळतात, त्यांची दुरुस्ती करा, आणि दर काही नमुन्यांनंतर सागरी शिंपला मोजा. त्याचे ०.७०९१८ आले नाही तर त्या टप्प्यातले आकडे वापरू नका.

सर्वांत जास्त घोळ हे आकडे वाचताना होतो. गाभ्यात आईचा समुद्र असतो, कारण अंड्यातला बलक तिने समुद्रात असताना तयार केलेला असतो. म्हणून मध्यापासून साधारण २५० मायक्रॉन सोडा. नेमकी मर्यादा, जन्मस्थान माहीत असलेल्या बोटुकलीवर पाहून ठरवा. त्यापुढचा पहिला सपाट टप्पा हा जन्माचा. दुसरा सापळा खाद्याचा. हॅचरीचे खाद्य सागरी मासळीच्या कुट्याचे असले तर गुणोत्तर समुद्राकडे ओढले जाते आणि हॅचरी ओळखू येते. पण खायला लागण्याआधीच नदीत सोडलेले पिल्लू नदीत जन्मलेल्यासारखेच दिसते.

तिथे जनुकीय तपासणीच लागते. माशाच्या पराचा (पोहण्याच्या पंखाचा) २-३ मिलिमीटर तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि हॅचरीच्या नर-मादींशी जुळवा. आई-बाप दोघे जुळले तर मासा हॅचरीचा. एकही नर यादीतून सुटला तर त्याची सगळी पिल्ले चुकून नदीची ठरतात, म्हणून प्रत्येक जनक माशाचा तुकडा अंडी काढतानाच घ्या.

दोन उपनद्यांचे खडक सारखे असतील तर एकच नाव देऊ नका, ‘या दोघींपैकी एक’ असे लिहा. जनक जुळत नाहीत पण खडा हॅचरी दाखवतो, असे झाले तर आधी नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासा, मग जनकांची यादी.