हशा कुठं अडतो? स्किट लिहिणाऱ्या-करणाऱ्यांनी या चुका टाळा

पावसाळा सरत आला की आपल्या मराठवाड्यातल्या कॉलेजांत युवक महोत्सवाच्या तालमी सुरू होतात. स्किटला दहा मिनिटं, मिमिक्रीला पाच. वेळ एवढीशी, म्हणून पोरं त्यात विनोद ठासून भरतात. तालमीत एकमेकांना लोळवणारं स्किट स्टेजवर गेलं की थंड पडतं आणि खापर फुटतं पब्लिकच्या डोक्यावर. बरीच वर्षं या तालमींना बसतोय, त्यावरून सांगतो, पब्लिक क्वचित चुकतं. वाक्य ऐकू आलेलं नसतं, नाहीतर संदर्भ कळलेला नसतो, नाहीतर शेवट आधीच ओळखलेला असतो. तिन्ही दुखणी वेगळी. पोरं मात्र तिन्हींवर एकच औषध देतात, आवाज चढवतात.

पंच वाक्याच्या पोटात पुरू नका

सगळ्यात जास्त हशे इथं मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळं ज्या शब्दावर हसू यायचं तो, म्हणजेच पंच, मधेच येऊन जातो आणि मागून ‘होतं’, ‘असं ठरलं’, ‘म्हणून सांगितलं’ अशी शेपटी लोंबत राहते. लोक हसायला तोंड उघडतात तोवर नट अजून बोलतच असतो. ऐकायचं म्हणून लोक हसू गिळतात.

एका पोरानं दुष्काळातल्या सोयरिकीवर स्किट लिहिलं होतं. मुलगी बघायला गेलेला नवरदेव सांगतो: “मुलीकडच्यांनी आम्हाला तांब्या भरून पाणी दिलं, त्याच्यावरूनच मला वाटलं की सोयरीक पक्की करायची असं त्यांनी ठरवलेलं होतं, कारण आमच्या भागात पाण्याची लई टंचाई हाय.”

कल्पना सोन्यासारखी आहे, पण मांडणीत तिचा जीव गेला. ‘सोयरीक पक्की’ हे दोन शब्द नेमके मधे अडकलेत आणि वर टंचाईचा खुलासा. विनोद झाल्यावर समजावून सांगितला की तो धडा होतो. आम्ही ते असं फिरवलं:

“आठ दिवसांनी गावात टँकर आलेला. आम्ही बसलो. आधी तांब्या आला, काठोकाठ भरलेला. बापानं आत डोकावून बघितलं अन् माझ्या कानाशी लागला. म्हणला, सोयरीक पक्की.”

माहिती आधी गेली आणि पंच शेवटी आला. त्याच्यामागं एक शब्दही नाही. मराठीत शब्द पुढंमागं करायची मोकळीक भरपूर आहे, ती वापरा. प्रत्येक विनोदाचं शेवटचं वाक्य मोठ्यानं म्हणा आणि बघा, शेवटचा शब्द कोणता आहे. ‘होता’ किंवा ‘आहे’ असेल तर वाक्य मोडून परत बांधा.

याच वाक्यात संदर्भाचंही कळतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरनं डोळ्यांनी बघितलंय. तिथं टँकरचं वाक्य नसलं तरी चालतं. मुंबईच्या स्पर्धेत मात्र ते लागतंच. आणि हसू कुणावर येतंय तेही तपासा. इथं ते बापाच्या हिशेबी डोक्यावर येतं, तहानलेल्या गावावर येत नाही. तेवढं जपलं तर दुष्काळग्रस्त माणूसही मनापासून हसतो, मी बघितलंय.

टीव्हीवरची गावरान भाषा उचलू नका

हिंगोलीचा शेतकरी दाखवायचा आणि त्याच्या तोंडी ‘काय करतुयास’ घालायचं! ही तिकडची सातारा-कोल्हापूरची बोली. आपल्याकडं ‘काय करायलास’ म्हणतात, लातूर-उदगीरकडं ‘काय करूलालास’ ऐकू येतं, संभाजीनगरच्या जुन्या पेठांत अर्धं वाक्य हिंदीत जातं. पब्लिक हे पहिल्या दोन वाक्यांत ओळखतं आणि मनातून उठून जातं. एसटी स्टँडवर तासभर बसा. गाडी चुकलेली म्हातारी कंडक्टरशी कशी बोलते ते ऐका. लिहून घेऊ नका, नुसती लय कानात साठवा.

बोली म्हणजे विनोद नव्हे, हेही पक्कं लक्षात ठेवा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हटलं की परभणीत टाळ्या-शिट्ट्या हमखास. पण टाळी वेगळी, हशा वेगळा. टाळी तुमच्या गावाला मिळाली, तुमच्या लेखणीचं काम अजून बाकीच आहे.

साडी नेसली म्हणजे काम झालं नाही

पोराला साडी नेसवायची, जाड्याला जाड्या म्हणायचं, बोबड्याची नक्कल करायची. पाच सेकंद हसू येतं, पुढं काय? तमाशातल्या गौळणीतली मावशी पुरुषच करतो, पण ती चालते तिच्या हजरजबाबीपणावर. प्रश्न पडायच्या आत उत्तर तयार असतं. ते नसेल तर साडी कपाटात राहू द्या. रंग, जात, व्यंग यांवरच्या विनोदानं समोर बसलेला एखादा पोरगा खाली मान घालतो. त्याची मान वर राहावी म्हणून तरी असे विनोद खोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे चुटके घालू नका. पब्लिकनं ते सकाळीच वाचलेले असतात.

बघायचं कसं, ते चुकतं

हल्ली पोरं रील बघून विनोद शिकतात. तीस सेकंदांत एक हशा कळतो, पण एकावर एक हशा चढवायचा कसा ते कळत नाही. त्यासाठी आपल्या पैठणलाच जा. 16 व्या शतकात नाथांनी लिहिलेलं रोडग्याचं भारूड घ्या. सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरच्या एकेकाची वाट लावायला सांगते. प्रत्येक मागणी आधीपेक्षा भारी, आणि शेवटी तिला एकटीलाच राहायचंय. ध्रुवपद तेच राहतं, मागणी वर चढत जाते. पोरं बरोब्बर उलटं करतात, सगळ्यात जोरदार विनोद तिसऱ्या मिनिटाला उडवून टाकतात.

लक्ष्मण देशपांडे एकट्यानं 52 पात्रं उभी करायचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चं रेकॉर्डिंग दोनदा बघा. पहिल्यांदा मनसोक्त हसा. दुसऱ्यांदा आवाज कमी करा आणि नुसती मान, नजर, खांदे बघा. पात्र बदललं हे शब्दाआधी शरीर सांगतं.

स्टेजवर

हशा पडला की थांबा. पूर्ण विझेपर्यंत थांबू नका, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य घ्या. पंचच्या वेळी माइकपासून तोंड फिरवू नका. आणि हशा नाही आला तर ‘टाळ्या झाल्या पाहिजेत’ असं मागू नका, घाईही करू नका. काहीच घडलं नाही असं पुढं जा.

एक गोष्ट आयोजकांशी भांडून करून घ्या. गॅदरिंगला पहिल्या रांगेत पाहुण्यांचा सोफा, मग पंधरा फूट मोकळी जागा, मग पोरं, अशी बैठक असते. हसू माणसाला माणसाजवळ बसूनच लागतं. पाहुण्यांना कडेला घ्या, पोरांना स्टेजच्या पायथ्याशी सतरंजीवर बसवा. मंडप उघडा असेल तर हे दुप्पट गरजेचं.

प्रयोगाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी संहिता हातात घेऊन ऐका. खरा हशा कुठं आला तिथं खूण करा. त्या तांब्याच्या स्किटचं असंच झालं. आम्ही ‘सोयरीक पक्की’वर भरवसा ठेवलेला, आणि रेकॉर्डिंगमध्ये हशा ऐकू आला त्याच्या आधीच, बाप तांब्यात डोकावतो तिथं. पुढच्या प्रयोगाला आम्ही ते दोन शब्दही काढले. बाप तांब्यात बघतो, मग पोराकडं बघतो आणि हळूच मान हलवतो.