२५० सागरी मैलांच्या आयएफआर क्रॉस-कंट्रीचा जुळत नसलेला आराखडा: माझा अनुभव

अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (आयएफआर नियमांनी, म्हणजे उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी) एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या ६१.६५ या नियमानुसार प्रशिक्षकासोबत एअरवेने (ठरलेल्या हवाई मार्गाने) किंवा एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेल्या मार्गाने २५० सागरी मैलांचे एक क्रॉस-कंट्री उड्डाण, प्रत्येक विमानतळावर इन्स्ट्रुमेंट अप्रोच (उपकरणांच्या आधारे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची पद्धत) आणि एकूण तीन वेगवेगळ्या प्रकारचे अप्रोच आवश्यक असतात. माझ्या आराखड्यात अंतर जुळले की अप्रोचचा एक प्रकार हमखास गळत असे. मार्ग वाढवून पाहिला, विमानतळ बदलले. उपयोग झाला नाही आणि अक्षरशः वैताग आला.

क्रम उलटा केल्यावर सुटले. आधी आयएलएस (धावपट्टीजवळच्या रेडिओ किरणांवर आधारित), व्हीओआर (जमिनीवरील रेडिओ केंद्रावर आधारित) आणि आरनॅव्ह (जीपीएसवर आधारित) असे तीन अप्रोच निवडले. प्रत्येक चार्टवरील उपकरणांची अट विमानाशी ताडून पाहिली आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचले. हे सर्वांत महत्त्वाचे, कारण एक व्हीओआर बंद असला तरी संपूर्ण बेत कोलमडतो. मग ते विमानतळ लो एन-रूट चार्टवर (कमी उंचीच्या हवाई मार्गांच्या नकाशावर) जोडून एअरवेच्या प्रत्येक टप्प्यावर छापलेले अंतर व किमान उंची लिहून घेतली आणि बेरीज २५० च्या बरीच वर ठेवली. शेवटी गंतव्य, पर्यायी विमानतळ आणि त्यापुढील ४५ मिनिटांचे इंधन मोजून फ्लाइट प्लॅन दाखल केला.