आर्क्टिकचा बर्फ मापून शिवताना

ध्रुवीय प्रदेश कापडावर उतरवायचा म्हटला की हात आधी पांढऱ्या कापडाकडे जातो. मी सुरुवात पाण्यापासून करते. ताज्या हिमावर पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊन परत फिरते. उघडा समुद्र जवळजवळ सगळे शोषून घेतो. बर्फ हटला की पाणी तापते आणि शेजारचा बर्फही वितळवते. म्हणून तळाचे कापड गडद हवे, आणि ते शेवटी ठळक दिसायलाही हवे.

त्यासाठी जुनी सुती चादर निळीत (धुण्याची नीळ नव्हे, इंडिगो) रंगवा. भांड्यातून कापड हिरवट निघते आणि हवा लागली की निळे होते. एकदाच फार वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा थोडा वेळ बुडवा, हवेवर धरा, पुन्हा बुडवा. रंग असा थराथराने गडद होतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, नाहीतर पुढे पांढऱ्यावर निळे डाग पडतील. पॉलिस्टर नकोच. कृत्रिम कापडाचे तंतू आर्क्टिकच्या समुद्रापर्यंत पोहोचले आहेत, आणि त्याच समुद्राचे चित्र त्याच कापडावर काढणे मला पटत नाही.

आता बर्फ. आर्क्टिकचा सागरी बर्फ सप्टेंबरात सर्वांत कमी असतो आणि उपग्रहांमुळे १९७९पासूनची त्याची सलग मोजणी मिळते. दर वर्षाचा एक तुकडा कापायचा. माप सोपे ठेवा: एक लाख चौरस किलोमीटरला एक चौरस सेंटिमीटर. १९७९चा नीचांक सुमारे ६९ लाख, म्हणजे ८.३ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. २०१२चा सुमारे ३४ लाख, म्हणजे ५.८ सेंटिमीटरचा. इथे नीट लक्ष द्या. बर्फ निम्मा झाला म्हणून बाजू निम्मी कापलीत, तर तुकडा पावपटच उरेल आणि चित्र खोटे होईल. क्षेत्रफळाचे वर्गमूळ काढा, तीच बाजू.

नुसते चौकोन डोळ्यांना टोचतात. एका बाजूचा कोपरा वेडावाकडा कापा आणि तोच कपटा दुसऱ्या बाजूला जोडा. आकार बदलतो, क्षेत्रफळ तेवढेच राहते. कडा दुमडू नका. चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर जास्त कापड ठेवा, मापाच्या रेषेवर बारीक धावदोरा घाला आणि बाहेरचे धागे एकेक करून ओढून काढा. दशा सुटतात, पण धावदोऱ्यामुळे कापड आत उसवत नाही.

सगळी वर्षे उतरत्या क्रमाने येत नाहीत. २०१३चा तुकडा २०१२पेक्षा बराच मोठा येईल, जवळजवळ ५० चौरस सेंटिमीटरचा. तो तसाच लावा. मधली चढउतार गाळून नुसता उतार दाखवला तर पाहणाऱ्याला फसवल्यासारखे होते. खरा कल लांबून आपोआप दिसतो.

जाडीही दाखवता येते, आणि माझा सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो. पूर्वी कित्येक उन्हाळे टिकलेला जाड, जुना बर्फ खूप होता. आता बहुतेक बर्फ एकाच हिवाळ्यातला, पातळ असतो. सुरुवातीच्या वर्षांना मलमलीचे चार थर घेऊन दाट धावदोरा घाला, पुढे थर कमी करत एकावर या. एकेरी मलमलीतून खालची निळाई दिसू लागते. टिकल्या किंवा चंदेरी दोरा वापरू नका, थरांतला हा फरक त्यात बुडतो. पांढऱ्या दोऱ्याऐवजी कुठे कुठे फिकट निळा घ्या. बर्फ प्रकाशातला तांबडा भाग अधिक शोषतो, म्हणून जाड बर्फ निळसर दिसतो.

तुकडे ओळींनी लावा, प्रत्येकाखाली वर्ष टाका. काच लावू नका, दशा दबतात. शेवटच्या ओळीत तळाचे कापड लांब सोडून मागे गुंडाळून ठेवा. सप्टेंबर संपल्यावर नवा आकडा जाहीर होतो. तेव्हा तेवढेच उलगडून पुढचा तुकडा शिवता येईल.