मातीची मगर, पाठीवर पिल्लं: घरी कशी करायची

पोळ्याचे मातीचे बैल लहानपणी केले असतील तर हे नक्की जमेल. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतले प्वेब्लो लोक (तिथले मूळ रहिवासी, झुनी, कोचिटी, आकोमा, सांता क्लारा ही त्यांची गावं) चाक न वापरता नुसत्या हाताने मातीचे प्राणी करतात, त्यातलं झुनीचं घुबड मला फार आवडतं, डोळे म्हणजे दोन गोल आणि पाय म्हणजे चिमूटभर माती, तरी असं बघतं की आत्ता काहीतरी विचारेल, आणि अंगावर पिल्लं चिकटलेली. कोचिटीच्या हेलन कॉर्डेरोंनी १९६४ साली गोष्ट सांगणारे आजोबा केले, अंगाखांद्यावर पोरंच पोरं, तेव्हापासून तिकडे तसे प्राणीही खूप होतात.

त्यांचं घुबड त्यांच्याकडेच राहू दे, आपण फक्त पद्धत घेऊ. बडोद्यात राहून मगर नाही करायची तर काय करायचं, विश्वामित्री आपली आहे ना!

माती कुंभाराकडूनच आणा, अर्धा किलो पुरे. त्यात जुन्या कौलाची चाळलेली पूड घाला, चार भाग माती एक भाग पूड, आकोमाचे लोक पण फुटक्या भांड्यांची पूड घालतात, त्याने तडे कमी जातात. कणकेसारखी मळा.

धड पोकळ हवं. दोन गोळ्यांत अंगठा घालून वाट्या करा, भिंत पेन्सिलीएवढी जाड, मग जोडून लांबट करा आणि पोटाला एक भोक ठेवा, आतली हवा आणि वाफ तिथूनच जाते. आता पिल्लं, सगळी मजा इथेच आहे. चार करा पण चारही वेगळी, एक मागे वळून बघणारं, एक घसरत चाललेलं, एक आईच्या डोक्यावर झोपलेलं. खवले कोरत बसू नका, जितकं कमी तितकं गोड दिसतं. जोडताना दोन्हीकडे सुईने ओरखडे काढून मातीची रबडी लावा.

आठवडाभर सावलीत वाळू द्या. मी घाईत उन्हात ठेवली होती, शेपूट गेलं. पूर्ण वाळल्यावर गेरू कालवून दोन हात द्या आणि तो ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासा, अशी चमक येते की बघत राहाल. प्वेब्लो घरांत असा गोटा आईकडून लेकीकडे जातो.

भाजायला घरचा ओव्हन चालत नाही, त्याची २५० डिग्री पुरत नाही, माती पक्की व्हायला ६०० च्या वर लागतं. ते लोक उघड्यावर शेणाच्या जाळात भाजतात, आणि सांता क्लारात तर वरून घोड्याच्या लिदीची भुकटी टाकून हवा कोंडतात, त्याने लाल होणारी मातीच काळी निघते. आपण कुंभारदादांना विनंती करून त्यांच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, एका कोपऱ्यात मगर ठेवायची.

बाहेर आली की टिचकी मारा, टणटण वाजली तर झाली, भद्द आवाज आला तर तडा शोधा, तडा नसेल तर कच्ची राहिलीये, पुढच्या आव्यात परत द्या.