पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) हंगामात दहावी : सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी

शाळा सातवी-आठवीत सुटली, मग लग्न, वावर, लेकरं. आणि आता सुना-जावई आल्यावर दहावीचं मनात आलं, अशांसाठी हे लिहिते आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. पन्नाशी उलटल्यावर दहावी पास झाले.

शेजारीण म्हणाली, "आता शिकून कलेक्टर होतं का वं?" सासूबाईंचं म्हणणं निराळं होतं. "शिक बापा, पण सयपाक वेळेवर पाह्यजे." खरी अडचण सासूबाईंनीच ओळखली होती. या वयात डोकं चालतं, वेळ मिळत नाही. दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाचं वर्ष आणि वावराचं वर्ष यांचं तर जमतच नाही. फॉर्मची मुदत येते निंदण-डवरणीत, परीक्षेचं आवेदनपत्र सोयाबीन काढणीच्या पुढेमागे, अभ्यासाचे खरे महिने कापूस वेचणीचे, आणि पेपर हरभरा-गहू काढायला येतो तेव्हा. म्हणून माझं ठाम मत आहे की सुरुवात एप्रिल-मे मध्येच करावी. कागदपत्रं मृगाच्या आधी हातात पाहिजेत.

दहावीला खाजगी, म्हणजे शाळेत न जाता, बसायला किमान पाचवी पास लागते आणि वयाला वरची मर्यादा नाही. त्यासाठीचा सतरा नंबरचा फॉर्म आता ऑनलाइन भरतात. भरताना जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची असते. आधार आणि फोटो घरी असतातच. अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. माझा हरवला होता. शाळेतल्या बाबूंनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, पानांच्या कडा हात लागताच तुटत होत्या, पण नाव सापडलं. दुय्यम प्रत मिळते, सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बायांनी आणखी एक पाहावं. दाखल्यावर माहेरचं नाव असतं, आधारवर सासरचं. फॉर्म दाखल्याप्रमाणेच भरा आणि लग्नाच्या नोंदणीचा कागद जवळ ठेवा. माझ्या गुणपत्रिकेवर बाबांचं नाव छापून आलं. इतक्या वर्षांनी ते वाचताना काय वाटलं ते इथे लिहीत बसत नाही.

सतरा नंबर भरला म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. ती फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र पुढे त्याच शाळेतून वेगळं भरावं लागतं, त्याची फी वेगळी. शिवाय तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण शाळेकडेच असतात. शिक्षकांना दिवाळीआधी एकदा भेटून या. तुम्हाला शोधत कोणी घरी येणार नाही.

पुस्तकं विकत घ्यायलाच पाहिजेत असं नाही, बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, ती मला फार आवडली. तिथल्या कॉफीच्या मळ्यांचं मी वेचणीच्या बायांना सांगायची, म्हणजे माझीही उजळणी व्हायची. राज्यशास्त्रातली निवडणूक प्रक्रिया आपल्याला पोरांपेक्षा जास्त समजते. गणिताची मात्र भीती खरी आहे. दोन्ही भाग आणि अंतर्गत गुण मिळून 100 पैकी 35 लागतात, म्हणून भूमितीत अडकलात तर बीजगणितावर भर द्या. त्यातलं अर्थनियोजन, सांख्यिकी आणि संभाव्यता आधी करा. अर्थनियोजनात जीएसटी येतो, त्याचं बिल आपण कृषी केंद्रात बघतोच की.

सगळ्यात जास्त सराव हाताला लागतो, हे कोणी सांगत नाही. भाषेचा पेपर तीन तासांचा. वेचणीत बोंडांच्या टोकांनी बोटं फाटतात आणि पेन धरला की झोंबतं. रात्री खोबरेल लावायचं, जाड पकडीचा पेन घ्यायचा आणि घड्याळ लावून रोज थोडं थोडं लिहायचं. आधी माझं एक पान संपता संपत नव्हतं. चष्म्याचा नंबरही दिवाळीतच तपासून घ्या.

गणित झेपणारच नाही असं वाटत असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी आहे. तिथे पाच विषय पुरतात, एक तरी भाषा लागते, गणित सक्तीचं नाही. नोंदणी पाच वर्षं चालते. ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांनी आधी मोठ्यांना साक्षर करणाऱ्या उल्लास कार्यक्रमाच्या वर्गाची गावच्या शाळेत चौकशी करावी.

मंडळाच्या परीक्षेत एखादा विषय राहिला तर रडत बसू नका. पुरवणी परीक्षेत तेवढाच देता येतो, पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. पण पुरवणीचा अभ्यास नेमका पेरणीत येतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या मुख्य परीक्षेतच जोर लावा.

बारावी खाजगी द्यायची तर दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर लागतं. ही वर्षं रिकामी घालवायची नाहीत. मी इंग्रजी धरलं आहे, कारण बारावीला तेच आडवं येतं असं सगळे सांगतात. पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं मनात आहे. त्यांची विभागीय केंद्रं अमरावतीला आणि नागपूरला आहेत, अभ्यासकेंद्र तालुक्याला मिळालं तर बरं. यंदा तूर विकली की चौकशीला जाणार आहे.