असोसिएट डिग्री करताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत आल्यावर आपल्यातले बरेच जण घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजकडे, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणाऱ्या स्थानिक कॉलेजकडे, वळतात. कुणी एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्या नवरा-बायकोच्या जोडीनं) आलेलं असतं, कुणाला मुलाची चार वर्षांच्या विद्यापीठाची फी झेपत नसते. असोसिएट डिग्री ही बॅचलर्सच्या आधीची पदवी: साधारण ६० सेमिस्टर क्रेडिट (अभ्यासाची एककं), पूर्णवेळ शिकलं तर दोन वर्षं. रस्ता चांगला आहे, पण पुढे कुठे जायचं हे न ठरवता प्रवेश घेतला की तोच रस्ता लांबतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डिग्रीच्या नावातली अक्षरं न वाचणं. ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) या मुख्यतः पुढे बॅचलर्सला जाणाऱ्यांसाठी असतात. ए.ए.एस. (असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स) थेट नोकरीसाठी असते आणि तिचे बरेचसे विषय चार वर्षांची विद्यापीठं धरत नाहीत. समजा, ए.ए.एस. पूर्ण केली आणि मग वाटलं, बॅचलर्सही करावं. अशा वेळी ६० पैकी कितीतरी क्रेडिट बाजूला पडतात आणि इंग्रजी, गणित, इतिहास पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ज्या विद्यापीठात पुढे जायचंय त्यांची ट्रान्सफरची (कुठले विषय तिथे धरले जातात त्याची) यादी आधी उघडा आणि मगच विषय निवडा. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट डॉट ऑर्गवर कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कॅल स्टेट किंवा यूसी या तिथल्या दोन सरकारी विद्यापीठसमूहांमध्ये चालतो ते दिसतं. तिथल्या ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ने कॅल स्टेटमध्ये जागेची हमी मिळते, पण ती हव्या त्याच कॅम्पसची नसते. हे आधीच समजून घ्या, नंतर मन मोडायला नको.

गणिताचंही तसंच. सोपं म्हणून स्टॅटिस्टिक्स घेतलं आणि पुढे इंजिनिअरिंग ठरवलं, तर कॅल्क्युलसपर्यंतचे सगळे टप्पे समोर उभेच असतात.

ऑनलाइन कॉलेज निवडताना जाहिरात पाहून फॉर्म भरू नका. मान्यता आहे का, ती कुणी दिली, हे अमेरिकी शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतं. तिथे नाव सापडलं नाही तर पैसे भरू नका, सवलत कितीही मोठी असो. नर्सिंगसारख्या क्षेत्रात आणखी एक गोष्ट: थिअरी ऑनलाइन झाली तरी रुग्णालयातला सराव प्रत्यक्षच करावा लागतो आणि परवाना राज्य देतं. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा कोर्स आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाला चालतो का, ते लेखी विचारून घ्या.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर जपून. पूर्णवेळ शिक्षणात दर सत्राला एकच ऑनलाइन वर्ग, फार तर तीन क्रेडिट, धरले जातात. सोयीचं म्हणून सगळे विषय ऑनलाइन घेतले तर थेट व्हिसाच धोक्यात येतो. एच-४ वर शिकता येतं, पण पेल ग्रँटसारखी केंद्राची मदत मिळत नाही, त्यामुळे फीचा हिशोब तिच्याशिवाय मांडा.

वेळेचा अंदाज चुकणं तर घरोघरी. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास, एकूण नऊ तास. ऑनलाइन सत्र बऱ्याचदा नेहमीच्या निम्मं, आठच आठवड्यांचं असतं, तेव्हा हेच अठरा तास होतात. लहान मूल आणि स्वयंपाक सांभाळून असे दोन विषय एकदम घेणाऱ्या आयांना मी मनापासून सांगते, पहिल्या सत्रात एकच घ्या. जमत नाही असं वाटलं तर ड्रॉपची तारीख उलटायच्या आत निर्णय घ्या. आधी सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) फार तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडला) राहतो, नंतर मात्र ‘एफ’ (नापास) येऊन जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, खाली ओढू शकतो.

भारतातली पदवी असेल तर पहिल्याच आठवड्यात तिचं विषयवार मूल्यमापन करून घ्या. बी.कॉम., बी.एस्सी.चे काही विषय इथे धरले गेले तर तेवढी फी आणि एखादं सत्र वाचू शकतं. आणि प्रत्येक विषयाचा सिलॅबस संपल्या संपल्या स्वतःकडे जपून ठेवा. ट्रान्सफरच्या वेळी एखाद्या विषयावर शंका निघाली की पुढचं विद्यापीठ तोच मागतं, आणि तोवर कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात शिरायची तुमची परवानगी बहुधा संपलेली असते.